बदकाच्या पायाचं कुरूप

बदक लंगडतंय हे ओळखणं कठीण असतं, कारण बदक तसंही धड चालत नाही. डावीकडे झुकायचं, उजवीकडे झुकायचं, शेपूट हलवत पुढे जायचं, ही त्याची जन्माची चाल. त्यात एका बाजूला थोडं जास्त झुकलं तर कुणाला कळणार? मला तर नाहीच कळलं. मी कामावरून येऊन दारात चपला काढत असायचे, आणि चपला काढताना मला जगातलं दुसरं काही दिसत नाही. उजवी टाच जमिनीला टेकली की डोक्यापर्यंत कळ जाते. ती कळ ओसरेपर्यंत दाराची चौकट धरून उभं राहायचं आणि मग घरात शिरायचं, ही माझी जन्माची नसली तरी गेल्या काही वर्षांची चाल.

दिंडोशीच्या एका जुन्या वसाहतीत तळमजल्यावर आम्ही राहतो. आम्ही म्हणजे मी आणि बाबा. बाबा गिरणीत होते. गिरणी गेली, मग वॉचमनची नोकरी केली, मग तीही सुटली. मी रक्त तपासणीच्या लॅबमध्ये आहे, पण एसीत मशीनसमोर बसणाऱ्यांतली नाही. मी सुईवाली. उजाडायच्या आत निघायचं, उपाशीपोटी माझी वाट बघत बसलेल्यांची दारं वाजवायची, नस शोधायची, बाटल्या भरायच्या आणि पुढच्या इमारतीचे जिने चढायचे. ज्या इमारतीची लिफ्ट बंद त्याच इमारतीत सगळ्यांची साखर वाढलेली, असा माझा अनुभव आहे. दार उघडणारा माणूस मला बघून कधीही खूश होत नाही. लग्न केलं नाही. का नाही केलं हे विचारणारी माणसंसुद्धा आता थकली.

बदक आमचं नव्हतं. वरच्या मजल्यावरच्यांनी मुलीच्या हट्टापायी जत्रेतून पिवळं पिल्लू आणलं होतं. ते मोठं झालं, पांढरं झालं, गॅलरीभर घाण करायला लागलं आणि नेमकं तेव्हाच त्यांना विरारला मोठं घर मिळालं. "ताई, चार दिवस ठेवा ना, सामान लागलं की घेऊन जातो," असं म्हणून ते बदक माझ्या हातात देऊन गेले. त्यांचं सामान अजून लागतंय.

मी चिडले होते. आधीच घरात एक जण बसून होता. आई गेल्यावर बाबा दाराजवळच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले ते बसलेच. टीव्ही लावला तर बघायचे, नाही लावला तर बंद टीव्ही बघायचे. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "चालत राहिले तर पाय राहतील. एकदा बसले की संपलं, मग तुम्हाला उचलावं लागेल." मी बाबांकडे बघितलं, स्वतःच्या मनगटांकडे बघितलं आणि घरी आल्यावर त्यांच्याशी रोज भांडायला लागले. फिरून या. भाजी आणा. निदान गेटपर्यंत जा. "व्हय व्हय," म्हणायचे आणि बसायचे.

जे मला जमलं नाही ते बदकाने केलं. संध्याकाळी ऊन उतरलं की ते दारातून बाहेर पडायचं, थोडं पुढे जायचं आणि थांबायचं. मग मान वाकडी करून एका डोळ्याने मागे बघायचं. आणि तसंच बघत उभं राहायचं. आमच्या गल्लीत कुत्री आहेत, त्यामुळे कुणीतरी त्याच्याबरोबर जाणं भागच होतं, आणि मी घरात नसायचे. एक दिवस बाबा शिव्या घालत उठले, काठी घेतली आणि निघाले. दुसऱ्या दिवशी शिव्या कमी झाल्या. मग तो नेमच झाला: गल्लीच्या टोकाला मंडळाची शेड आहे, तिथपर्यंत जायचं, शेडच्या कट्ट्यावर टेकायचं आणि परत यायचं. पुढे बदक, मागे बाबा. "काय काका, कोण कोणाला फिरवतंय?" असं पोरं विचारायची. बाबा म्हणायचे, "ती माका."

तिला ते 'बाय' म्हणायचे. कोकणात मुलीला लाडाने बाय म्हणतात. आमच्या घरात पूर्वी बाय मी होते. सुरुवातीला बाबांनी "बाय!" अशी हाक मारली की मी स्वयंपाकघरातून "काय?" म्हणायचे आणि बाहेर येऊन बघायचे तर ते बदकाला पावाचा तुकडा दाखवत असायचे. हळूहळू मी ओ देणं सोडून दिलं. हसू येण्यासारखी गोष्ट आहे, पण मला तेव्हा थोडं लागलं होतं, हेही सांगून टाकते.

तर सांगायचं म्हणजे, त्या बदकाच्या पायांवर बाबांचे पाय चालत होते, आणि बाबांचे पाय चालत होते म्हणून मी सकाळी निश्चिंत मनाने लोकांच्या नसा शोधू शकत होते. म्हणजे आमचं सगळं घरच त्या दोन नारिंगी पायांवर उभं होतं.

मग सोसायटीने अंगण पक्कं केलं. आमच्या मागच्या दाराला नळ आहे, तो ठिबकायचा, आणि त्याच्याखाली कायम चिखल असायचा. बदक दुपारभर त्या चिखलात उभं असायचं, चोच खुपसून काहीतरी शोधत. तिथे पेव्हर ब्लॉक आले. नळ दुरुस्त झाला. "आता कसं झकास दिसतंय ना?" सेक्रेटरी म्हणाले. दिसत होतंच झकास. मीही कौतुक केलं, कारण माझ्या साडीला आता चिखल लागणार नव्हता. दुसरीकडे बाबा स्वतःच्या ताटातलं अर्धं तिला घालत होते: शेव, फरसाण, चहात बुडवलेली खारी. बदक चांगलं गरगरीत झालं. जमीन कडक झाली आणि बदक जड झालं, या दोन गोष्टी मी जोडून बघितल्या नाहीत. एवढं जोडून बघायला डोकं ताजं लागतं.

आधी ती जास्त वेळ बसायला लागली. मग एक पाय पोटाशी घेऊन उभी राहायला लागली. आम्हाला वाटलं, पक्षी झोपतात तशी झोपते आहे. मग फिरणं शेडपर्यंत न जाता अर्ध्यावर थांबायला लागलं. ती मध्येच बसकण मारायची आणि बाबा तिच्याजवळ काठीवर रेलून उभे. नंतर गेटपर्यंतच. नंतर पायरीपर्यंत. ज्या दिवशी मी कामावरून आले आणि दोघंही दारात बसलेले दिसले, त्या दिवशी मी चपला न काढताच खाली बसले.

मी तिला मांडीवर उलटं घेतलं, मान काखेत धरली आणि पहिल्यांदाच बदकाचा तळवा नीट बघितला. बोटांमधला पडदा मऊ, पावसाळी चपलेच्या रबरासारखा. पण मधल्या गादीवर चिंचोक्याएवढी टणक गाठ, आणि गाठीच्या मधोमध काळा ठिपका. खपलीसारखा. बाजूची कातडी लाल, आणि हात लावला तर गरम. दुसरा पाय थंड होता, त्यावर नुसती लाली. बोट जरा दाबलं तर तिने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की मी ओरडलेच.

बाबा खुर्चीतून वाकून बघत होते. "कुरूप आसा ता," त्यांनी निकाल दिला.

"बदकाला कुरूप होतं होय बाबा?"

"पाय आसा म्हणजे कुरूप जाताच. गिरणीत उभ्यान उभ्यान माज्या दोनय पायाक कुरपां होती. माका शिकवतंस?"

कुरपांच्या बाबतीत बाबांशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. त्यांच्या तळव्यांवर त्यांचा सगळा नोकरीचा इतिहास आहे. लहानपणी रविवारी सकाळी ते ओट्यावर बसून ब्लेडने कुरूप तासायचे आणि आई आतून ओरडायची, आज तरी नको, घरात पाहुणे यायचेत. मला तेव्हा वाटायचं, कुरूप हा शब्द त्या गाठीवरूनच आला असणार. एवढं कुरूप दुसरं काही मी पाहिलं नव्हतं. मी बाबांना सांगितलं की पक्ष्यांच्या डॉक्टरांची चौकशी करते, तोवर हात लावू नका. ते "व्हय व्हय" म्हणाले. त्यांच्या व्हयचा अर्थ मला इतक्या वर्षांत कळायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी मी आले तर घरात जळका, तेलकट वास. गॅसशेजारी दाभण पडलेला, त्याचं टोक काळं झालेलं. बाबांच्या बोटांवर डाग. गावाहून आणलेल्या डब्यातला बिब्बा त्यांनी काढला होता. कोकणात तो प्रत्येक घरात असतो. दाभणाला टोचून दिव्यावर धरायचा, त्यातून काळं तेल सुटतं, ते कुरपावर लावायचं. माणसाच्या टाचेची कातडी जोड्याच्या तळासारखी असते, ती सोसते. बदकाच्या पायाला ते कसं सोसावं? गाठीभोवती सगळीकडे फोड आले होते. पाय दुप्पट झाला होता. ती कोपऱ्यात मान पाठीवर टाकून बसली होती आणि पुढ्यातलं पाणीही प्यायली नव्हती.

एखाद्या कामात बिब्बा घालणं म्हणजे काय, हे मी जन्मभर बोलत आले होते. ते असं डोळ्यांसमोर दिसेल असं वाटलं नव्हतं. मी बोलले बाबांना. खूप बोलले. म्हातारपणी अक्कल जाते ते खोटं नाही, असंही बोलले. "लवकर बरा व्हवचा म्हणान केलंय गो," एवढंच म्हणाले आणि बोटांवरचे डाग चोळत राहिले.

मी फोनवर फोन केले. "मॅडम, आम्ही फक्त डॉग आणि कॅट बघतो." एकाने तर विचारलं, "बदक म्हणजे बदकच ना?" शेवटी बोरिवलीला पक्षी बघणारी एक डॉक्टर सापडली. बदकाला भाजीच्या पिशवीत घातलं, डोकं बाहेर ठेवलं आणि रिक्षात बसले. रिक्षावाल्याने आरशात बघून बघून सिग्नलला विचारलंच, "काटने का है क्या?" मी म्हटलं, "इलाज करने का है." त्याने नजर रस्त्यावर वळवली. मला वाटतं, त्याला माझी कीव आली असावी.

डॉक्टर तरुण होती, बोलायला झटपट. तिने पाय बघितला, बिब्ब्याची हकीकत ऐकली आणि डोळे मिटून घेतले. मग म्हणाली, "ताई, हे कुरूप नाहीये. याला बंबलफूट म्हणतात. बदकाचा पाय पाण्यासाठी आणि चिखलासाठी बनलाय. तुम्ही त्याला सिमेंटवर चालवता. बारीक खरचटतं, त्यातून घाण आत जाते, आत पू होतो. आणि पक्ष्यांचा पू वाहत नाही ना, घट्ट होतो, पनीरसारखा. म्हणून तुम्हाला वाटलं गाठ आहे. वरचा काळा ठिपका दिसतो, खरं दुखणं आत असतं."

मी रोज दहा घरांत रक्त काढते. सूज, लाली, गरम लागणं, काळी खपली, यातलं मला नवीन काही नव्हतं. माणसाच्या पायावर असतं तर लांबून ओळखलं असतं.

तिने बधिर करून ते कापलं. मी पाय धरला होता, कारण तिचा मदतनीस कुत्र्यांची सवय असलेला होता आणि बदकाला घाबरत होता. आतून खरंच पांढरं, घट्ट असं निघालं. जखम धुतली, मलम भरलं, गॉझ लावलं, वरून चिकटपट्टी बोटांमधून आडवीतिडवी गुंडाळली. मग तिने सांगायला सुरुवात केली. औषधाचे थेंब चोचीतून. पाय रोज कोमट मिठाच्या पाण्यात बुडवायचा, जखम जंतुनाशकाने पुसायची, पट्टी बदलायची. खाली मऊ आणि कोरडं अंथरायचं आणि ते घाण झालं की लगेच बदलायचं. पाव, शेव, खारी एकदम बंद. भिजवलेले गहू, वाटाणे, हिरवा पाला आणि तिने लिहून दिलेलं खाद्य. वजन उतरलंच पाहिजे. "दुसऱ्या पायालाही सुरुवात आहे, तो पण बघत जा. लाल दिसला की तेव्हाच धरायचं, काळं होईपर्यंत थांबायचं नाही. आणि घरी ब्लेड नाही, बिब्बा नाही, काही नाही." शेवटी म्हणाली, "जखम भरेपर्यंत कडक जमिनीवर चालवायचं नाही. अजिबात नाही."

बाकी सगळं मी मान डोलवत ऐकलं. या शेवटच्या वाक्याला माझी मान हलली नाही.

घरी आल्यावर बाबांनी विचारलं, काय म्हणाली. मी म्हटलं, बंबलफूट.

"बंब फुटलो? खंयचो बंब?"

मला हसूही आलं नाही, इतकी दमले होते. पण त्या दिवसापासून आमच्या घरात त्या दुखण्याचं नाव बंब पडलं. "बंब धुतलंस?" "बंबाचा औषध दिलंस?" लॅबमधली मैत्रीण हे ऐकून म्हणाली, "यार, तुमच्या घरी म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. तुझी टाच गेलीय कामातून आणि तू बदकाचे पाय धुतेस?" मी म्हटलं, गप गं. आधी जे विझवायला पाहिजे ते विझवू दे.

सकाळी निघायच्या आधी आणि आल्यावर पुन्हा, हा कार्यक्रम सुरू झाला. प्लॅस्टिकच्या निळ्या टबात कोमट पाणी, त्यात मीठ. बदकाला टॉवेलमध्ये गुंडाळून टबात उभं करायचं आणि तिचा पाय भिजेपर्यंत मी टबाशेजारी जमिनीवर बसायचे. तिला ते आवडायचं. पाणी दिसलं की तिचा जीव शांत व्हायचा, चोच पाण्यात बुडवून ती बारीक आवाजात काहीबाही पुटपुटायची. माझं मात्र दिवसभर उभं राहून खाली बसणं आणि तिथून पुन्हा उठणं, हे एक दिव्यच होतं. एक हात भिंतीला, एक हात गुडघ्याला. खपली भिजली की गॉझ, मग मलम, मग पट्टी. पट्टी घट्ट झाली तर बोटं सुजतात, सैल झाली तर ती ओढून काढते. मी माणसांच्या हाताला लावलेला कापूस पुढच्या दारापर्यंत विसरून जाते, आणि इथे रात्री कूस बदलतानाही पट्टी सुटली असेल का, हाच विचार. ओझं कुणावर टाकणार? कंटाळा आला होता मला त्या बदकाचा. स्पष्टच सांगते, कंटाळा आला होता.

आणि बाबा बसले होते.

"ती बसली तर मिया खंय जाऊ?" ते म्हणायचे. "एकटोच फिरलंय तर लोक म्हणतले, म्हाताऱ्याचा डोक्या फिरला."

मी म्हणायचे, बाबा, दूध आणा. दूध मी येतानाच आणावं, असं त्यांचं म्हणणं. शेडवर तुमची माणसं वाट बघतात. बघूं दे. दिवसभर ते खुर्चीत आणि ती त्यांच्या पायाशी चटईवर, अंथरलेल्या जुन्या टॉवेलांवर. हळूहळू मला दिसायला लागलं. खुर्चीतून उठताना ते आता दोनदा प्रयत्न करायचे. मोरीपर्यंत भिंत धरून. मग एक दिवस मी आले तेव्हा ते उठू शकले नव्हते म्हणून त्यांनी सकाळपासून पाणीच प्यायलं नव्हतं. पाणी प्यायलं की मोरीत जावं लागतं. त्यांनी मला ते सांगितलं नाही. मी भरलेला तांब्या बघून ओळखलं.

त्या संध्याकाळी मी बदकाची पट्टी सोडली. जखम आक्रसली होती. भरली नव्हती, पण आक्रसली होती. मी मनाशी म्हटलं, डॉक्टर लोक जास्तीचंच सांगतात. एक बदक, की एक बाप? मला निवडायचं तर होतंच. मी नवी पट्टी जाड बांधली, बदकाला उचललं, बाहेर अंगणात ब्लॉकवर ठेवलं आणि बाबांना हाक मारली, "चला. बरी झालीय ती. या फिरून."

ती उभी राहिली. दोन पावलं टाकली. मान वाकडी करून दाराकडे बघितलं. आणि मग तो पाय पोटाशी घेऊन तिथेच खाली बसली.

"उचल तिका!" बाबा आतून असे ओरडले की शेजारणीने खिडकी उघडली. "आदी उचल! डाक्टरणीन सांगल्यान मा, खाली सोडू नको म्हणान?"

"आणि तुमच्या पायांचं काय?" मीही ओरडले. सगळी वसाहत ऐकत होती, ऐकू दे म्हटलं. "तुम्ही बसलात तर तुम्हाला कोण उचलणार? मी? मला जमणार आहे का?"

बाबा दाराची चौकट धरून अर्धवट उभे होते. "माजे पाय ऱ्हवले काय आणि गेले काय," ते म्हणाले. "तिका अजून चलूचा आसा. मियाच बिब्बो लावलंय तिका. आता परत माज्यासाठी नको."

मी बदकाला उचलून आत आणलं. मी भाताला कुकर लावला.

जखम भरायला जितका वेळ लागायचा तितका लागला. खपली सुटली, खाली गुलाबी कातडी आली, मग ती दुसऱ्या पायासारखी झाली. दुसरा पायही सुधारला. वजन उतरलं. सोसायटीला न विचारता मी मागच्या नळाजवळचे थोडे पेव्हर ब्लॉक उपटून काढले आणि तिथे माती टाकली. सेक्रेटरी काही बोलायला आले होते, पण माझ्या चेहऱ्याकडे बघून नुसता पाण्याच्या वेळांचा विषय काढून गेले. डॉक्टरने पाय तपासून सांगितलं, "आता थोडं थोडं चालू दे. पण तळवे बघत राहायचं हं."

संध्याकाळी ती दारातून बाहेर पडली. थोडी पुढे गेली आणि थांबली. मान वाकडी केली, एका डोळ्याने मागे बघितलं.

बाबांनी खुर्चीच्या हातांवर जोर दिला. थोडे वर आले. पुन्हा बसले. पुन्हा जोर दिला. मग हात मांडीवर ठेवले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "आता तूच व्हर तिका."

म्हणजे सगळं करून सवरून हेच झालं. बदक बरं झालं आणि बाप बसला, आणि वर मला नवीन काम मिळालं. मी काठी घेतली, कुत्र्यांसाठी, आणि निघाले. दिवसभराचे जिने पायांत होते. पुढे ती, मागे मी. पोरांनी काही विचारलं नाही. माझ्याकडे बघून विचारायची हिंमत झाली नसावी. शेडपर्यंत गेलो, कट्ट्यावर टेकले, परत आलो. बाबा दारातल्या खुर्चीतून सबंध गल्लीभर आमच्याकडे बघत होते. त्यांची नजर खाली होती, पायांवर. मला वाटलं, तिची चाल तपासतायत. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशीही. त्यांना इतकी काळजी वाटते तर स्वतः का येत नाहीत, असा मला रागच आला.

पुढे एका संध्याकाळी आम्ही परत आलो, मी पायरीवर बसून चपलेचा पट्टा सोडत होते आणि बाबा म्हणाले, "बाय, पाय दाखव बघूया."

मी ओ दिली नाही. बदकाला पकडलं, मांडीवर उलटं घेतलं आणि तिचा पाय त्यांच्यासमोर धरला. "बघा. स्वच्छ आहे. काही नाहीये."

"तिचो नाय," बाबा म्हणाले. "तुजो."

मी बदकाला धरून तशीच बसले.

"पयल्या दिसापासून बघतंय. तू लंगडतंस. उजव्यान. कदीपासून?"

मला आठवेना. खरंच आठवेना. कुणी विचारलंच नव्हतं, आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं. काही नाही बाबा, टाच जरा दुखते, होईल बरी, असं काहीसं बोलायला गेले, तेवढ्यात बदक माझ्या हातातून सुटून आत गेलं.

बाबांनी खुर्चीच्या हातांवर जोर दिला. मी पुढे झाले.

"बस थंय," ते म्हणाले. "उठू नको."

ते पुन्हा बसले. पुन्हा जोर दिला. आणि उठले. एक हात भिंतीला, एक हात गुडघ्याला. भिंत धरत धरत आत गेले. त्यांनी निळा टब खाली काढल्याचा आवाज आला, मग भांडं गॅसवर ठेवल्याचा, मग लायटर पेटत नव्हता त्याचा आवाज, खट, खट, खट. मिठाचा डबा वरच्या फळीवर असतो, तो त्यांच्या हाताला लागणार नाही हे मला माहीत होतं. काहीतरी सांडलं. बदकाला पाण्याचा वास आला असावा, तिने आतून आनंदाने ओरडायला सुरुवात केली. "तुका नाय गो," बाबा तिला म्हणाले, "बायसाठी आसा."

मी उठले नाही. दारात बसून राहिले, आणि पाणी तापायची वाट बघितली.